डब्यातून नेलेली पृथ्वी

आमच्या घरात पहिला नकाशा आला तो रद्दीतून. अण्णा, म्हणजे माझे वडील, बार्शीच्या भुसार बाजारात हमाली करायचे. एका वर्षी ज्वारीच्या पोत्यांची थप्पी त्यांच्या अंगावर कोसळली आणि ते आठ महिने अंथरुणाला खिळले. मग आई, मी आणि माझी धाकटी बहीण, आम्ही तिघी घरात बसून किराणा दुकानांसाठी कागदी पिशव्या चिकटवू लागलो. शाळेतून आलं की दप्तर खुंटीला आणि हात खळीत. मैद्याची खळ, तिच्यात चिमूटभर मोरचूद, म्हणजे पिशव्यांना झुरळं लागत नाहीत. मोरचूद विषारी, म्हणून जेवणाआधी आई तीन तीनदा हात धुवायला लावायची. एवढे धुतलेले हात घेऊन पानावर बसावं तर पुढ्यात भाकरी आणि मीठ.

रद्दीत कधीमधी शाळेचे जुने नकाशे यायचे. त्यांच्या पिशव्या होण्याआधी मी ते वाचून घ्यायची. अर्धी आफ्रिका अशी हरभऱ्याच्या डाळीला गेली, दक्षिण अमेरिका गुळाला. आई म्हणायची, वाच, पण हात थांबवू नकोस. मी दोन्ही केलं. आमच्या सगळ्या भावकीत मॅट्रिक होणारी मी पहिली, बी.ए. होणारीही पहिली. पुण्याला जाऊन भूगोलात एम.ए. केलं आणि शिष्यवृत्ती मिळवून ऐंशीच्या दशकातल्या एका ऑगस्टमध्ये अमेरिकेत मिशिगन राज्यातल्या ॲन आर्बर गावी येऊन धडकले. हे मिरवण्यासाठीच सांगते आहे. मिरवण्यासारखं आहे म्हणून.

ॲन आर्बर हे विद्यापीठाचं गाव. सायकली, बसगाड्या आणि हातात पुस्तक धरून रस्ता ओलांडणारी माणसं. मला खोली मिळाली मिसेस हार्पर नावाच्या निवृत्त शिक्षिकेच्या घरात, वरच्या मजल्यावर. बाई ताठ, विधवा, डोळ्यांत मोतीबिंदू, पण बोलणं स्वच्छ. त्यांच्या दिवाणखान्यात एका काचेच्या कपाटात मोसंब्याएवढा पृथ्वीचा गोल होता. बाहेर खरखरीत काळ्या माशाच्या कातड्याची डबी, दोन वाट्या बिजागरीने जोडलेल्या. डबी उघडली की आतल्या बाजूला आकाशातली नक्षत्रं, आणि मधोमध पृथ्वी. दीडशेहून जास्त वर्षांपूर्वी लंडनमध्ये असे गोल बनत, शौकीन लोक ते कोटाच्या खिशात घालून फिरत. मिसेस हार्परना तो त्यांच्या वडिलांकडून आला होता. नाताळात मुलगा येणार होता, त्याच्या हातात तो द्यायचा असं त्यांनी ठरवलं होतं.

आता माझा पराक्रम ऐका. ऑक्टोबरात दसरा आला. घरी आम्ही खंडेनवमीला अवजारं पुसून मांडतो आणि दसऱ्याला पाटीपूजन करतो. मिसेस हार्परना मी विचारलं, तुमच्या टेबलावर विद्येच्या वस्तू मांडून पूजा केली तर चालेल का? त्या म्हणाल्या, खुशाल कर, फक्त मेणबत्ती पडद्याजवळ नको. आणि त्या चर्चच्या कामाला बाहेर गेल्या. मी माझी पुस्तकं मांडली, कंपास मांडला, आणि वाटलं, भूगोलाच्या मुलीने पृथ्वी कशी काय वगळायची? गोल डबीतून काढला. धूळ होती, म्हणून पूजेआधी ओल्या फडक्याने नीट पुसला. मग हळदकुंकू वाहिलं, बोट अजून ओलंच.

संध्याकाळपर्यंत हिंदी महासागरावरची, नकाशाच्या कागदाची एक पट्टी वरून सुटून वळली होती. आणि कन्याकुमारीच्या खाली, समुद्रात, मसुराएवढा पिवळा-तांबडा डाग पडला होता.

मिसेस हार्पर आल्या तेव्हा मी गोल हातात धरून उभीच होते. सांगायला तोंड उघडणार, तेवढ्यात त्यांनीच तो घेतला, सुटलेल्या पट्टीवर बोट फिरवलं आणि म्हणाल्या, हा मेला रेडिएटर (भिंतीलगतची, घर गरम ठेवणारी नळ्यांची शेगडी). दर हिवाळ्यात घरातलं काहीतरी उकलतोच. डाग त्यांना दिसला नाही. मी गप्प राहिले. खोटं बोलले नाही, नुसती गप्प राहिले, असं मी स्वतःला पाच आठवडे सांगत होते.

भरपाई म्हणून दुरुस्तीची जबाबदारी मात्र मी आपणहून अंगावर घेतली. विद्यापीठाच्या नकाशा विभागातल्या बाईंनी पत्ता दिला: व्हरमाँट राज्यात एका खेड्यात मिस्टर हॉबर्ट नावाचे गृहस्थ राहतात, जुने गोल दुरुस्त करतात, देशात असे कारागीर मोजकेच उरलेत. मी पत्र टाकलं. उलट टपाली पोस्टकार्ड आलं. थँक्सगिव्हिंगच्या (नोव्हेंबरातला मोठा सण, घरोघरी टर्कीची मेजवानी) दुसऱ्या दिवशी या, गोल हातात घेऊन या, टपालाने पाठवू नका. खाली वेगळ्या ओळीत लिहिलं होतं, “आणि कृपा करून पुसू नका.”

निघताना मिसेस हार्परनी मला चीजचे सँडविच बांधून दिले, स्वतःचा लोकरीचा स्कार्फ गळ्यात घातला आणि माझ्या एवढ्या लांब जाण्याचं कौतुक केलं. 

गोल मी डबीसकट स्टीलच्या गोल डब्यात बसवला होता, आईच्या जुन्या सुती लुगड्याचे तुकडे भोवती गच्च कोंबून. मधून कॅनडातून गेलं तर रस्ता जवळचा, पण व्हिसाच्या भानगडीत कोण पडणार? म्हणून बस टोलेडो, क्लीव्हलंड, बफेलो असा वळसा घालून निघाली. एकीकडे पानं झडलेली झाडं, दुसरीकडे अधूनमधून एरी सरोवराचं राखाडी पाणी. सरोवर म्हणायचं ते केवळ पुस्तकात लिहिलंय म्हणून. पलीकडचा काठ काही दिसत नाही. शेजारी एक लठ्ठ, हसरे ट्रक-ड्रायव्हर बसले होते. मांडीवरच्या डब्यात काय आहे, त्यांनी विचारलं. पृथ्वी, मी म्हटलं. ते गंभीरपणे म्हणाले, “मग ड्रायव्हरला सांगायला हवं, वळणं जपून घे.”

दुसऱ्या दिवशी सकाळी ऑल्बनी आलं. तिथे सुलभाकाकू आणि मोहनकाकांकडे माझा मुक्काम होता. काकू म्हणजे माझ्या पुण्याच्या प्राध्यापिकेची मावसबहीण. दोघं मूळचे नागपूरचे. काका डॉक्टर, पंधरा वर्षांपासून इथे. दारातच काकूंनी मला मिठीत घेतलं, किती वाळलीस म्हणाल्या (यापूर्वी त्यांनी मला कधी पाहिलं नव्हतं), सामान उचललं आणि अंघोळीला पिटाळलं. मी जी झोपले ती दुपारी उठले. खाली आले तर त्यांची चौदा वर्षांची नेहा फ्रिज उघडून, आतल्या डब्याचं झाकण आणि डबी उघडून उभी.

“मॉम,” ती शांतपणे म्हणाली, “देअर इज अ प्लॅनेट इन द फ्रिज.”

काकूंचं चुकलं म्हणू कशी? देशातून आलेल्या मुलीच्या हातात स्टीलचा डबा दिसला की त्यात लाडू असणार, आणि लाडू टिकायला हवेत. मी धावत जाऊन डबा काढला. गोल थंडगार पडला होता, पण पट्टी होती तिथेच होती. काकू कपाळाला हात लावून बसल्या. म्हणाल्या, “अगं, मी झाकणावरूनच वास घेऊन पाहिला, तुपाचा नाही आला, तर म्हटलं डाएटचे असतील.”

गुरुवारी थँक्सगिव्हिंग. काकांच्या हॉस्पिटलातले दोघं जेवायला, त्यांच्यासाठी टर्की. काकू आणि मी शाकाहारी, आमच्यासाठी भरली वांगी. गोडाला काकूंनी पत्र्याच्या डब्यातल्या भोपळ्याच्या गराचे घारगे केले. त्या गरात इथले लोक दालचिनी आणि जायफळ आधीच घालून ठेवतात, त्यामुळे घारग्यांना थोडी काढ्याची चव आली, पण पाहुण्यांनी बशी पुसून खाल्ली आणि हे कुठल्या देशातले डोनट म्हणून विचारलं.

शुक्रवारी सकाळी काका आपल्या लांबलचक गाडीतून मला व्हरमाँटला घेऊन निघाले. “फ्रीवेने थोडं, मग सगळा घाटरस्ता. यू विल लव्ह इट,” म्हणाले. खरंच आवडलं. टेकड्यांवर विरळ बर्फ, लाल रंगाची धान्यकोठारं, पांढऱ्या सुळक्याचं एकेक चर्च. एका उतारावर गाडी हलकेच घसरून कडेच्या मऊ बर्फात जाऊन बसली. मागून आलेल्या दोन शेतकऱ्यांनी ती काही न बोलता ढकलून बाहेर काढली, टोपीला हात लावला आणि निघून गेले. काका म्हणाले, नागपूरला एवढ्यात पन्नास सल्ले मिळाले असते.

मिस्टर हॉबर्ट एका जुन्या गोठ्यात काम करायचे. गाई गेल्या, उजेड राहिला, असं ते म्हणाले. सत्तरीचे, उंच, दाढी पांढरी, बोटं मात्र एखाद्या पेटीवादकाची. भिंतीला लाकडी साचे टांगलेले, दोरीवर वाळत घातलेले कागद, शेगडीवर पातेल्यात काहीतरी रटरटत होतं. वास आल्याबरोबर मी ओळखलं. खळ!

माझा गोल त्यांनी लगेच हातात घेतला नाही. आधी हा प्रकार बनतो कसा ते दाखवलं. गोल साच्यावर ओल्या कागदाचे थर चढवायचे, वाळले की मधोमध कापून दोन वाट्या सोडवायच्या, पुन्हा जोडायच्या, मध्ये आस. वरून चुन्यासारख्या पांढऱ्या मातीचा पातळ लेप. एक बाजू जड झाली तर आत शिशाचे चार छर्रे टाकून तोल साधायचा. मग त्यावर बारा गोर (दोन्ही टोकांना निमुळत्या, फोडीच्या आकाराच्या छापील कागदी पट्ट्या). तांब्याच्या पत्र्यावर उलटा नकाशा कोरणाऱ्याचं नाव गोलावर छापतात. पण पट्ट्या चिकटवायच्या आणि समुद्राला रंग द्यायचा ही कामं बऱ्याचदा बायकापोरींची, त्यांची नावं कुठेच नाहीत.

“अवघड काय, तर ओला कागद वाढतो,” ते म्हणाले. “प्रत्येक पट्टीत केसभर चुकलं तरी बाराव्या पट्टीला जागा उरत नाही.”

त्यांनी एक फुटका गोल दाखवला. चिकटवणाऱ्या बाईने शेवटची पट्टी दडपून बसवलेली, पॅसिफिकमधली दोन बेटं शेजारच्या पट्टीखाली गडप. शनिवारची संध्याकाळ असणार, ते म्हणाले, घरी जायची घाई. त्याच गोलाच्या फुटक्या कडेत आतले कागदाचे थर दिसत होते आणि त्यांवर छापील अक्षरं होती. मी डोळा लावला. कुठल्याशा पंचांगाची पानं. म्हणजे लंडनच्या शौकीन साहेबांच्या खिशातली पृथ्वी आतून रद्दीची! मला इतकं हसू आलं की आफ्रिका आणि हरभऱ्याच्या डाळीची सगळी गोष्ट त्यांना सांगितली. ते गुडघ्यावर थाप मारून हसले. काका मात्र माझ्याकडे जरा वेगळ्याच नजरेने पाहत होते. ही गोष्ट मी त्यांच्या घरी काढली नव्हती.

मग हॉबर्टनी भिंग लावून माझा गोल पाहिला. बराच वेळ.

“तुम्ही पत्रात रेडिएटर लिहिलंत.”

“हो.”

“रेडिएटरने कागद तडकतो. ही पट्टी पाण्याने सुटलीये. आणि हे पिवळं काय आहे?”

मी सांगितलं. दसरा, पाटीपूजन, फडकं, हळद, सगळं. त्यांनी मान डोलावत ऐकलं आणि विचारलं, मालकिणीला हे माहीत आहे का? मी नाही म्हटलं. त्यांनी भिंग खाली ठेवलं.

त्यांची एक पद्धत होती. दुरुस्त केलेल्या प्रत्येक गोलाच्या डबीत ते एक चिठ्ठी ठेवत: काय बिघडलं, कशाने बिघडलं, काय केलं, कोणी केलं. पन्नास वर्षांनी दुसरा कारागीर डबी उघडेल, त्याने चिठ्ठीवर विसंबून काम करायचं. चिठ्ठीत रेडिएटर लिहिलं तर तो माणूस चुकीचा इलाज करेल. “मी पट्टी नुसती चिकटवून देऊ शकतो,” ते म्हणाले, “पण चिठ्ठी खरीच लिहीन. आणि डागाला मालकिणीला विचारल्याशिवाय हात लावणार नाही.” त्यांनी भिंतीवरच्या फोनकडे बोट केलं.

काकांनी मराठीत तोड काढली. “अगं, चिठ्ठी वाचतंय कोण यार? घरी सांगताना डायग्नोसिस रेडिएटरच राहू दे. म्हातारीला उगाच टेन्शन.”

त्यांचा हेतू चांगला होता, आणि खरं सांगते, मी त्या बाजूला झुकलेच होते. मला भीती नुसती रागाची नव्हती. त्या गावात एकच घर होतं जिथे सकाळी एक मिसेस हार्परचा, एक माझा, असे दोन कप बाहेर निघायचे. ते गमवायची भीती होती. पण खरी चिठ्ठी त्या डबीत राहणार, नाताळात मुलगा ती उघडणार, आणि आईला वाचून दाखवणार. मी नंबर फिरवला.

मिसेस हार्परनी पहिल्याच घंटीला फोन उचलला. मी एका दमात सांगून टाकलं. 

“म्हणजे तू त्याची पूजा केलीस.”

“हो.”

“आणि धुतलास.”

“पुसला. आधी पुसला, मग पूजा.”

“सुमन, तू पाच आठवडे रोज माझ्यासमोर बसून कॉफी पितेस.”

 चुकलं, एवढंच म्हणाले. त्या म्हणाल्या, डाग काढला तर काय होईल ते विचार. मी विचारलं. हॉबर्ट म्हणाले, डागाबरोबर तिथला समुद्राचा मूळ हिरवा रंग निघेल, आणि तिथून जाणारी जुन्या जहाजाच्या वाटेची ठिपक्यांची रेघही.

“मग राहू दे,” मिसेस हार्पर म्हणाल्या. “चिठ्ठीवर खरं लिहायला सांग. मला राग आलाय आणि तो काही दिवस राहील. या हिवाळ्यात दारासमोरचा बर्फ तू काढायचास.” आणि फोन ठेवला.

मी डोळे पुसत होते, तेव्हा हॉबर्टनी शेगडीवरून पातेलं उतरवलं. ओली पट्टी बसवायला चार हात लागतात, ते म्हणाले. एकाने गोल फिरवायचा, एकाने पट्टी टेकवायची. त्यांनी ब्रश खळीत बुडवला. माझ्याच्याने राहवलं नाही. मी पातेल्यात बोट घालून दोन बोटांत चोळून पाहिलं आणि म्हटलं, दाट आहे, गाठ राहील. त्यांनी भुवई वर केली. मग पातेलं माझ्याकडे सरकवलं.

मी गरम पाणी घालून खळ घोटली, तार धरेपर्यंत. त्यांनी सुटलेली पट्टी वाफेवर हळूच पूर्ण मोकळी केली, मागचा जुना थर खरवडला, आणि ती दोन बोटांवर धरून माझ्या हातात दिली. एम.ए.चा इथे काडीचा उपयोग नव्हता. बोटांना कागद किती ओला झालाय ते कळत होतं. घाई केली तर वाढेल, उशीर केला तर सुकेल. हॉबर्टनी गोल धरला, मी विषुववृत्तापासून सुरुवात केली, आधी वर, मग खाली, अंगठ्याने हवा काढत.  खालचं टोक ध्रुवापाशी आलं आणि बरोबर आपल्या जागी बसलं.

हॉबर्टनी भिंगातून पाहिलं. “शनिवारची बाई नाही,” ते म्हणाले.

चिठ्ठी त्यांनी टाकाने लिहिली. पाण्याने पुसल्यामुळे पट्टी सुटली. हळदकुंकवाचा डाग मालकिणीच्या सांगण्यावरून राखला. पट्टी बसवली, असं लिहून ते थांबले आणि माझ्या नावाचं स्पेलिंग विचारलं. गावाचंही. सुमन जगताप, बार्शी, असं त्यांनी लिहिलं.

 परतताना ऑल्बनीचे दिवे दिसायला लागले तसे काका म्हणाले की त्यांचे वडील नागपूरला सायकलचं दुकान चालवायचे, पंक्चर काढायचे, आणि हे नेहाला आपण कधी सांगितलेलं नाही. घरी पोचल्यावर त्यांनी ते नेहाला जेवताना सांगितलं. ती म्हणाली, “कूल. कॅन यू फिक्स माय बाइक?”

रविवारी मी ॲन आर्बरला परतले. मिसेस हार्परनी दार उघडलं, डबा घेतला, आत गेल्या. टेबलापाशी बसून भिंग लावून चिठ्ठी मोठ्याने वाचली, पहिल्या शब्दापासून माझ्या गावापर्यंत. ‘बार्शी’ दोनदा वाचलं, दुसऱ्यांदा बरोबर. मग दारामागचं फावडं माझ्या हातात दिलं. बाहेर घोटाभर बर्फ पडला होता. आत आले तेव्हा टेबलावर एकच कप होता. दुसरा बाहेर निघायला बुधवार उजाडला.

घर सोडून एवढ्या लांब आलं की माणूस आपलं चांगलं तेवढं दाखवत राहतो, मी तेच करत होते. भावकीतली पहिली पदवीधर, शिष्यवृत्तीवाली, अशी माझी मीच ओळख करून देत होते. चुकलेली सुमन कोणाला दिसली तर बाकीचं सगळं पुसलं जाईल असं वाटायचं. तसं झालं नाही.

नाताळात मुलगा आला. मिसेस हार्परनी गोल त्याच्या हातात ठेवला आणि पाटीपूजनाची सगळी हकिगत माझ्यादेखत सांगितली, माझ्यापेक्षा जास्त रंगवून. त्याने गोल फिरवला, बोटाने बाराही पट्ट्या चाचपल्या आणि नव्याने बसवलेली कुठली ते ओळखता येईना म्हणाला. पट्टी बसली आहे. डाग जिथे होता तिथेच आहे, आणि तो कोणी पाडला हे त्या घरात सगळ्यांना माहीत आहे.